बग्गीला ब्रेक कुठले? मागे ८०० चं इंजिन, खाली लाल मुरूम, मध्ये ओढा

मुरूमवाट

नमस्कार मंडळी. बग्गीची फ्रेम उभी राहिली, इंजिन बसलं, चारही बाजूंचे आर्म वेल्ड झाले. आता काम ब्रेकपाशी अडलंय. गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी माहिती देतो. भंगारातल्या दोन मारुती ८०० घेतल्या. एकीचं इंजिन-गिअरबॉक्स आहे तसं उचलून मागे बसवलं, म्हणजे मागची चाकं फिरवणारी. त्याच गाडीचे नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग), एक्सल, डिस्क सगळं मागे आलं. दुसऱ्या गाडीचे पुढचे नकल पुढेच लावले. म्हणजे चारही कोपऱ्यांना ८०० चीच डिस्क आणि ८०० चाच कॅलिपर (डिस्क चिमटीत धरणारा भाग) बसू शकतो. दोन माणसं बसल्यावर वजन ६०० किलोच्या आसपास जाईल. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २ मीटर. टायर मोठे घेतलेत, जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंत ३० सेंटीमीटर.

चालवायची कुठे? भुदरगडात आमची जमीन उतारावर आहे, लाल मुरमाची. मध्ये ओढा, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. गाडी रस्त्यावर आणायची नाही, त्यामुळे पासिंगचा विषय कृपया नको.

डोक्यात चार पर्याय आहेत:
एक, ८०० चंच सगळं. चार कॅलिपर, तिचाच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा).
दोन, बाइकचे डिस्क-कॅलिपर. हलके, आणि दिसतातही भारी.
तीन, मागे दोन चाकांना मिळून मध्ये एकच डिस्क.
चार, मागे ड्रम. आमच्या गॅरेजवाल्या मामांचा आग्रह.

काय लावू?

संत्रा_टर्बो

पहिले चालू तं कर बे, मंग थांबवाचं पाहू.
(वाचनखूण साठवतो. नागपुरात माझ्या मित्राचीबी एक बग्गी दोन वर्षांपासून ब्रेकवरच अडून आहे.)

तीनशेपाच_सीसी

कॉलेजच्या टीममध्ये ब्रेक माझ्याकडे होते, बाहा एसएईइंडिया या कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी. तिथला नियम सांगतो, कारण घरच्या गाडीलाही तोच लावावा असं माझं मत आहे. एका पायाने एकदा दाबलं की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, डांबरावरही आणि मातीतही. हायड्रॉलिक सर्किट दोन आणि एकमेकांपासून स्वतंत्र, प्रत्येकाला तेलाचा साठा वेगळा. प्लास्टिकच्या नळ्यांना बंदी. ब्रेक टेस्ट पास नाही तर गाडी पुढच्या इव्हेंटला उभीच राहत नाही. पिथमपूरला, स्पर्धेच्या ठिकाणी, त्या रांगेत भल्याभल्या टीमचे चेहरे पडलेले असतात. तीन चाकं लॉक होतात आणि चौथं आरामात फिरत राहतं.

माझं मत पर्याय दोनला. पल्सर २२० ची मागची डिस्क २३० मिलिमीटरची आहे, ती पुढे-मागे चारही ठिकाणी चालेल. केटीएमचे बायब्रे कॅलिपर मिळाले तर उत्तमच. तो ब्रेम्बोचाच लहान गाड्यांसाठीचा ब्रँड आहे आणि माल चाकणलाच बनतो. स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की खडबडीत जमिनीवर चाक जमीन सोडत नाही. पेडलला दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार. पुढे-मागे जोर किती द्यायचा ते स्क्रू फिरवून ठरवायचं.

मुरूमवाट

बाइकच्या डिस्क ६०० किलोला पुरतील का, हीच धाकधूक आहे. मामा म्हणतात, "सायकलचा ब्रेक ट्रॅक्टरला लावतोयस."

चकतीवाला

मुरूमवाट, मामांची भीती स्वाभाविक आहे पण आकडे वेगळंच सांगतात. ब्रेकचं काम वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलायचं. ६०० किलोची बग्गी ताशी ५० वरून थांबवायची तर साधारण ५८ किलोजूल. बाइक आणि तिच्यावर दोन माणसं मिळून ३०० किलो धरा आणि ताशी ८० वरून थांबवा: ७४ किलोजूल, त्यातलाही बराचसा भाग पुढची एकटी डिस्क पिते. म्हणजे एकदा थांबवायला बाइकच्या चार डिस्क सहज पुरतात.

खरा प्रश्न उताराचा. तुमच्या जमिनीचा उतार मला माहीत नाही, पण समजा २०० मीटर उंचीवरून ब्रेक धरत धरत खाली आलात. तेव्हा जवळपास १२०० किलोजूल जिरवायचे असतात, वरच्या एका थांबण्याच्या वीसपट. तिथे पातळ डिस्क लाल होते, पॅड चकाकतात, तेल उकळायला येतं आणि पेडल खाली जातं. यावर औषध मोठी डिस्क नाही. उतरताना पहिला-दुसरा गिअर ठेवा, इंजिन गाडी धरून ठेवेल. ८०० चा गिअरबॉक्स तुमच्याकडे आहेच.

तेव्हा "पुरेल का" हा प्रश्न बाजूला ठेवा. ब्रेकची ताकद तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे. ती चार चाकांत कशी वाटायची, हे ठरवा. त्याचं गणित रात्री टाकतो, आत्ता नातीला क्लासला सोडायचंय.

फोरबायफोर_सह्याद्री

चकतीवाला काका येईपर्यंत ड्रमबद्दल. जुनी जीप चारही ड्रमवर बरीच वर्षं चालवली. ओढा ओलांडला की पुढची दोन-तीनशे पावलं ब्रेक असून नसल्यासारखा. आत पाणी जातं, लायनर ओले होतात, आणि चारही एकदम सुकत नाहीत. मग दाबलं की गाडी कुठल्या तरी एका बाजूला ओढते. डिस्क पाणी झटकते, दोन वेळा हलकं दाबलं की झालं. चिखलाचं तर विचारूच नका. काळ्या मातीत ड्रमच्या आत गारा भरतो आणि सुकला की दगड.

पण मामांचं एक बरोबर आहे. ड्रममध्ये हँडब्रेक फुकट मिळतो. चारही डिस्क केल्यास तर चढावर उतरून गेट कसं उघडणार, याचा विचार आत्ताच कर.

डिस्कचाही एक त्रास सांगून ठेवतो. बारा इंची रिममध्ये कॅलिपर आणि रिम यांच्यात जागा जेमतेम असते. मुरमातला एखादा खडा तिथे अडकला की रिम आतून खरवडून काढतो. कर्रकर्र आवाज आला की थांबून काठीने काढायचा, दुसरा इलाज नाही.

चकतीवाला

आता गणित. कागद-पेन्सिल घ्या.

इंजिन मागे असल्याने उभ्या गाडीचं वजन पुढे ४० टक्के, मागे ६० टक्के धरतो. म्हणजे पुढे २४०, मागे ३६० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर धरला. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, वजन पुढे सरकतं. किती? वजन, मंदन आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून व्हीलबेसने भागा.

सुक्या डांबरावर मंदन ०.७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) मिळालं तर ११५ किलो पुढे जातात: पुढे ३५५, मागे २४५. म्हणजे ५९ : ४१.
मोकळ्या मुरमावर ०.४५ जी मिळालं तर ७४ किलो पुढे जातात: पुढे ३१४, मागे २८६. म्हणजे ५२ : ४८.

आता तुमचा पर्याय एक बघा. चारही ठिकाणी एकच कॅलिपर, एकच डिस्क, एकच प्रेशर. म्हणजे ब्रेकचा जोर ५० : ५०. डांबरावर मागच्या चाकांवर वजन ४१ टक्के आणि ब्रेक ५० टक्के. मागची चाकं आधी लॉक होणार आणि शेपूट पुढे येणार. मुरमावरही मागचीच थोडी आधी. पुढची आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, वळत नाही, पण तोंड पुढेच असतं. मागची आधी लॉक झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मुरमावर आडवी घसरणारी बग्गी एखाद्या दगडाला अडली की उलटते. म्हणून पुढची चाकं आधी, मागची त्यांच्या पाठोपाठ. हा क्रम चुकला तर बाकी कितीही महाग माल लावा, उपयोग नाही.

तीनशेपाच_सीसी, तुम्ही चारही ठिकाणी २३० च्या डिस्क सुचवल्यात. तिथेही हाच सापळा आहे, फक्त तुमच्या बॅलन्स बारमुळे तो टळतो.

पायाला किती जोर लागेल तेही पाहू. डांबरावर पुढच्या प्रत्येक चाकाला साधारण ३६६ न्यूटन-मीटर लागतात. पेडलचं प्रमाण ६ : १ ठेवा. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर धरतो. कॅलिपरचा पिस्टन ४८ धरतो. तुमचे दोन्ही व्हर्नियरने मोजा, माझ्या आकड्यावर विसंबू नका. ३० किलोचा पाय दिला तर प्रेशर ६२ बार होतं. त्यातून पॅडचा घर्षणांक ०.३५ आणि परिणामी त्रिज्या ८५ मिलिमीटर धरून एका चाकाला ६६७ न्यूटन-मीटर मिळतात. लागतात ३६६. म्हणजे १६-१७ किलोच्या दाबातच काम होतं. माणूस घाबरून दाबतो तेव्हा याच्या कितीतरी पट दाबतो.

म्हणून बूस्टर काढून टाका.

मुरूमवाट

काका, हात जोडले. पण बूस्टर काढायचा? उलट तो आहे म्हणून मी निवांत होतो.

फोरबायफोर_सह्याद्री

काकांना +१. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. तुझं इंजिन मागे, पेडल पुढे, मध्ये दोन-अडीच मीटर नळी दगडधोंड्यांवरून जाणार. आणि चढावर इंजिन बंद पडलं, गाडी मागे यायला लागली, की बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. नेमका तेव्हाच पेडल दगडासारखं कडक. ज्या पेडलची सवय बूस्टरवर झालीय ते एकदम कडक झालं की माणूस गांगरतो. पहिल्यापासून बूस्टरशिवायच चालवली तर पायाला काय ते माहीत असतं. जुन्या ८०० ची काही मॉडेलं बूस्टरशिवायच यायची, आणि ती गाडी तुझ्या बग्गीपेक्षा जड.

संत्रा_टर्बो

काकांच्या पोष्टीची प्रिंट काढून गॅरेजात लावतो राजे हो. फक्त "परिणामी त्रिज्या" म्हंजे काय ते सांगा, इथे सगळे कॉमर्सवाले.

चकतीवाला

डिस्कच्या मध्यापासून पॅडच्या साधारण मध्यापर्यंतचं अंतर. पॅड तिथे धरतो म्हणून.

नांगरट

मी इंजिनिअर नाही, ऊसवाला आहे. पण पर्याय तीन वाचून राहवलं नाही. मागे एकच डिस्क कशाला? ट्रॅक्टरला बघा, मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक, दोन वेगळी पेडलं. शेतात सरीच्या टोकाला वळताना आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. एक चाक चिखलात फिरायला लागलं तर त्याच चाकाचा ब्रेक हळू दाबायचा, दुसरं चाक ओढायला लागतं. बग्गीला हे मिळालं तर ओढ्यातनं दोरी लावून काढायला नको. फक्त रस्त्यावर निघताना दोन्ही पेडलांची कडी लावायची. कडी न लावता जोरात जाताना एकच दाबलं गेलं तर काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलंय.

तीनशेपाच_सीसी

नांगरट, याला बग्गीवाले कटिंग ब्रेक किंवा फिडल ब्रेक म्हणतात. बाहाच्या नियमांतही परवानगी आहे, अट एवढीच की मुख्य पेडलने एका पायात चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. पेडलऐवजी हाताजवळ एक दांडा ठेवतात: पुढे ढकलला की मागचं डावं, मागे ओढला की मागचं उजवं.

पण पर्याय तीनच्या बाजूने दोन शब्द. मध्ये एक डिस्क म्हणजे एक कॅलिपर, एक होज (लवचिक नळी), वजन कमी, आणि चिखलापासून उंच. बाहाच्या कितीतरी गाड्या अशाच असतात.

चकतीवाला

असतात, कारण त्यातल्या बहुतेकांना मागे डिफरन्शियलच (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. दोन्ही चाकं एका दांड्याने बांधलेली असतात, म्हणून मधली डिस्क धरली की दोन्ही चाकं धरली जातात. मुरूमवाटांच्या गाडीत ८०० चं उघडं डिफरन्शियल आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, ओढतानाही आणि थांबवतानाही. एक चाक हवेत उचललं गेलं की ते हवेतलं चाक उलटं फिरून जातं आणि जमिनीवरच्या चाकाला ब्रेक जवळपास मिळतच नाही. ऑफ-रोडला एक चाक हवेत असणं हा अपवाद नाही, नेहमीचंच आहे. शिवाय सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या एक्सलचा सांधा) तुटला तर त्या बाजूचा ब्रेकही गेला, आणि उघड्या डिफरन्शियलमुळे दुसऱ्या बाजूचाही.

तेव्हा पर्याय तीन या गाडीसाठी बाद. ब्रेक चाकापाशीच. आणि नांगरटांनी सांगितलेली युक्ती याच उघड्या डिफरन्शियलसाठी सोन्यासारखी आहे, डिफरन्शियल बांधून ठेवणाऱ्या महागड्या लॉकरचं निम्मं काम ती करते.

वाळूतला_मावळा

दुबईहून. इथे बिग रेडच्या वाळूत चालणाऱ्या हलक्या सँड रेल बग्ग्यांना पुष्कळदा पुढे ब्रेकच नसतो, फक्त मागे आणि वर कटिंग ब्रेकचा दांडा. १९६४ च्या मेयर्स मँक्सपासून बीटलचं इंजिन मागे ठेवायची जी चाल पडली, तिचंच हे वंशज. वाळूत पाय उचलला की वाळूच गाडी थांबवते, म्हणून चालतं. मुरमाच्या उतारावर हे करू नका. यूट्यूबवर वाळूतली बग्गी बघून पुढचे ब्रेक गाळणारे लोक आहेत म्हणून लिहिलं.

मुरूमवाट

म्हणजे आता पर्याय एक, पण ५० : ५० चं काहीतरी करून. बॅलन्स बारवाला पेडल बॉक्स बाहेरून मागवावा लागतोय, किंमत बघून धडकी भरली. घरी बनवू का? लेथ आहे.

ढाण्या_वेल्डर

भावा, पेडल बनीव, बॅलन्स बार नको. मी सांगलीत हेच करतोय. तो बार तिरपा झाला, त्याला चाल कमी पडली, की एक सर्किट फुटल्यावर दुसरं बी दाबत नाही. दोन सर्किट कशाला केली मग? आणि लोक काय करत्यात, खडखडतो म्हणून बारला टाका मारून गप करत्यात. संपलं सगळं.

८०० चाच टीएमसी (जोड मास्टर सिलिंडर) ठेव, त्यात दोन सर्किट आधीच हायेत. एक नळी पुढं, एक मागं. मूळ गाडीत मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असला तर तो तसाच उचलून लावू नको, तो पुढं जड असलेल्या गाडीसाठी केलेला असतोय. त्याच्या जागी खुंटी फिरवून सेट होणारा व्हॉल्व्ह मिळतोय, तो मागच्या नळीत टाक.

पेडल मात्र एमएसच्या (साध्या पोलादाच्या) जाड पट्टीचं कर. घाबरलेला माणूस पेडलवर उभा राहतोय.

तीनशेपाच_सीसी

पेडलबद्दल शंभर टक्के. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या रेसगाड्यांच्या स्पर्धेच्या नियमात पेडल २००० न्यूटनला टिकलं पाहिजे असं आहे, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास. नुसतं पेडल नाही, ते ज्या पाइपला वेल्ड केलंय तो पाइपसुद्धा. पेडल दाबल्यावर फ्रेम वाकताना दिसली तर तेवढी चाल फुकट जाते आणि ब्रेक स्पंजी वाटतो, मग लोक उगाच हवा काढत बसतात.

व्हॉल्व्ह मान्य. पण बारमध्ये बारीक सेटिंग मिळतं ते मिळतंच.

चकतीवाला

मिळतं. पण बार जत्रेला नेलेल्या गाडीसाठी, व्हॉल्व्ह घरच्या गाडीसाठी. याचं सील फाटलं तर गारगोटीत किट मिळेल का, हा निकष मी वरचा धरतो. ८०० चे पॅड, किट, होज तालुक्याच्या गावी मिळतात. म्हणून बाइकच्या हलक्या कॅलिपरपेक्षाही मी ८०० च्याच बाजूने आहे, थोडं वजन गेलं तरी चालेल.

बाइकचे कॅलिपर लावायचेच असतील त्यांच्यासाठी: सिलिंडर आणि कॅलिपर यांची जोडी जुळवा. बाइकच्या हँडलवरचा १२.७ मिलिमीटरचा सिलिंडर एका दाबात दीड सीसीच्या आसपास तेल ढकलतो. कारच्या दोन कॅलिपरना नुसती पॅडची फट भरायला त्याहून जास्त लागतं. पेडल तळाला टेकेल आणि ब्रेक लागणार नाही.

व्हॉल्व्हचं सेटिंग: एका ठरावीक प्रेशरपर्यंत मागच्या चाकांना पूर्ण जातं, त्यानंतर तिथलं प्रेशर निम्म्याहून कमी वेगाने वाढतं. माझ्या गणिताने ते वळण १५ बारच्या आसपास ठेवलं तर डांबरावर आणि मुरमावर, दोन्हीकडे पुढची चाकं आधी लॉक होतात.

फोरबायफोर_सह्याद्री

काका, एक शंका. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे येत असेल तेव्हा पुढे वजनच नसतं. मग मागचं प्रेशर कमी केलेलं नडणार नाही का?

चकतीवाला

रास्त शंका. २० अंशांच्या चढावर या गाडीचं वजन ३० : ७० होतं, पुढच्या ब्रेकचं काम बरंच कमी. पण व्हॉल्व्ह मागचं प्रेशर बंद करत नाही, वाढ मंद करतो. अजून जोरात दाबलं की मागे हवं तेवढं मिळतं, आणि ताकद आपल्याकडे शिल्लक आहे हे वर पाहिलंच. पुढची चाकं तोवर घसरत असतील आणि घसरणाऱ्या चाकांनी गाडी वळत नाही, तेव्हा सरळ मागे या, स्टिअरिंगशी झटापट नको. अशा वेळी मागच्या चाकांवरचा हँडब्रेक कामाचा.

ढाण्या_वेल्डर

आता नळ्यांचं ऐका, सगळे कॅलिपरवर भांडत्यात आणि गाडी नळीनं मरत्या.

पोलादी ब्रेक पाइप वापर, ३/१६ इंची, डबल फ्लेअर मारून (टोक दुहेरी पसरवून). फ्रीजची तांब्याची नळी वापरू नको, हादऱ्यानं कडक होऊन चिरत्या. गॅसच्या नळीची रिंगवाली फिटिंग तर अजिबात नको. फ्रेमच्या वरच्या अंगानं ने, खालच्या पाइपाला बांधली की पहिल्या दगडाला चेपली. दर वीतभर अंतरावर क्लिप.

होज मापताना गाडी जॅकवर उचल, चाक पूर्ण खाली लोंबकळू दे, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरव, दोन्ही बाजूला. मग लांबी घे. बग्गीच्या सस्पेन्शनची चाल ८०० पेक्षा लई जास्त, मूळचा होज ताणून तुटतोय.

आटे तपास. १० बाय १ आणि १० बाय १.२५ दोन्ही डोळ्याला सारखेच दिसत्यात. दोन फेरे हातानं जातोय, मग पान्यानं आवळला की कॅलिपरचे आटे गेले. कॉपर वॉशर दर वेळी नवा.

आणि हवा काढायची निपल सगळ्यात वर पाहिजे. ब्रॅकेट बदलून कॅलिपर आडवा केला असशील तर निपल बाजूला येत्या, हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहत्या. मग लोक दोन-दोन बाटल्या ऑइल घालवत्यात. असं असलं तर कॅलिपर सोडून हातात धरायचा, निपल वर करून, पॅडच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालून हवा काढायची, मग बसवायचा.

पुढच्या नकलला एक्सल नाही म्हणून रिकामं सोडू नको. बाहेरच्या सीव्हीचा खुंटा आत ठेवून नट आवळायला लागतोय, त्यावरच बेअरिंग धरलेलं असतंय. नाही तर चाक डुगडुगणार, डिस्क डुगडुगणार, पॅड मागे ढकलले जाणार आणि पहिला दाब फुकट.

नांगरट

ऑइल कुठलं? आमच्याकडं ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल कायम असतं.

ढाण्या_वेल्डर

दादा, ते नको! ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडलेले असतात, ते वेगळं. ते तेल यात घातलं की सगळी रबरं फुगून बसत्यात, सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं नवीन घालावं लागतंय.

चकतीवाला

डॉट ४ घाला. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. ते हवेतलं पाणी शोषतंच, आणि तुमच्याकडचा पाऊस पाहता दर पावसाळ्यानंतर बदललेलं बरं. डॉट ३ त्यात मिसळलं तरी चालतं, फक्त मर्यादा खाली येते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ नाव जवळचं असलं तरी ते डॉट ४ च्या घरचं. उघडी बाटली फडताळात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका.

मुरूमवाट

मंडळी, अपडेट. शेवटी असं केलं: चारही ठिकाणी ८०० चे कॅलिपर, नव्या किटसह. बूस्टर काढला. टीएमसी तोच, मोजला तर पाऊण इंचीच निघाला. पेडल घरी, ६ : १, दहा मिलिमीटर जाड पट्टीचं. मागच्या नळीत खुंटीचा व्हॉल्व्ह. मागच्या उजव्या कॅलिपरची निपल खरंच आडवी आली होती, ढाण्याभाऊंच्या पद्धतीने हातात धरून हवा काढली.

गावाबाहेरच्या माळावर टेस्ट घेतली. आधी ताशी २० ने, मग ३० ने. मित्र बाजूला उभा राहून चाकं बघत होता, शिवाय डागांवरून कळतंच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना मागची आधी, शेपूट सुटलं, काकांनी लिहिल्यासारखंच. खुंटी फिरवत गेलो तशी पुढची दोन्ही आधी लॉक व्हायला लागली, मागची लगेच पाठोपाठ, गाडी सरळ. खुंटीला लॉकनट मारून टाकला.

ओढ्यातून काढून परत बघितलं. पहिल्या दाबाला जरा उशीर, दुसऱ्याला ठीक.

कटिंग ब्रेक पुढच्या टप्प्यात, जागा ठेवलीय. राहिला हँडब्रेक. सध्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावतो.

तीनशेपाच_सीसी

भारी! फोटो टाक. एकट्याने बसून आणि दोघं बसून, दोन्ही टेस्ट घेतल्यास का? दुसरा माणूस उतरला की वजनाची वाटणी बदलते.

मुरूमवाट

दोन्ही घेतल्या. एकट्याने बसलो तर मागची आणखी थोडी उशिरा लॉक होतात, क्रम तोच. फोटो रंग दिल्यावर.

फोरबायफोर_सह्याद्री

हँडब्रेकसाठी कटिंग ब्रेकचं तेल दाबून अडकवून ठेवायचा जुगाड करू नकोस. तेल थंड झालं किंवा सील जरा झिरपलं की दाब उतरतो, आणि गाडी तू चहा पीत असताना निघते. गो-कार्टचे भाग विकणाऱ्यांकडे केबलवर चालणारे मेकॅनिकल कॅलिपर मिळतात. मागच्या डिस्कवर, मूळ कॅलिपरच्या समोरच्या बाजूला बसव. दोन्ही चाकांना लाव, एकाच चाकाला लावून भागणार नाही, ते डिफरन्शियलचं कारण वर आलंय.

मुरूमवाट

हे जमेल. केबल कुठल्या गाडीची घेऊ?

ढाण्या_वेल्डर

आधी लांबी मापून टाक. लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत, चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना. मग सांगतो. आणि दोन केबल एका लिव्हरला जोडताना मध्ये आडवी पट्टी घाल, एक केबल ढिली झाली तरी दोन्हीकडं सारखं ओढलं पाहिजे.